रूपर्ट ब्रूस-मिटफर्ड आणि सटन हू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ साली इंग्लंडमधल्या सटन हू या दफनस्थळाच्या उत्खननावरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला आणि इंग्लंडच्या सुरुवातीच्या मध्ययुगाबद्दल मराठीतून प्रश्न येऊ लागले. बहुतेकांना खोदणाऱ्यांबद्दल विचारायचं असतं. मी मात्र प्रत्येकाला खोदून झाल्यावर ज्याने ते सगळं निस्तरलं त्या माणसाकडे वळवतो, आणि मग त्याच्याबद्दलचे प्रश्न सुरू होतात. तेच इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्रूस-मिटफर्ड नेमके कोण? थोडक्यात सांगा.

रूपर्ट ब्रूस-मिटफर्ड (१९१४–१९९४) हे ब्रिटिश म्युझियममधले अँग्लो-सॅक्सन कला आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक. १९३८ साली नोकरीला लागले, १९५४ मध्ये ब्रिटिश आणि मध्ययुगीन पुरावस्तू विभागाचे कीपर, म्हणजे विभागप्रमुख झाले आणि १९७७ मध्ये निवृत्त झाले. सटन हूच्या जहाज-दफनाचा तीन खंडांतला अधिकृत ग्रंथ हे त्यांचं मुख्य काम. १९७६ मध्ये ते ब्रिटिश अकादमीचे फेलो झाले आणि १९७८-७९ मध्ये केंब्रिजला स्लेड प्रोफेसर, म्हणजे ललितकलेचे प्राध्यापक होते.

२. अँग्लो-सॅक्सन म्हणजे कोणता काळ धरायचा?

इ.स. ४१० च्या सुमारास रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली आणि १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. मधली साडेसहाशे वर्षं. आपल्याकडे चालुक्य, राष्ट्रकूट आणि यादवांचा उदय या काळात मोडतो. सटन हू त्यातल्या ७व्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. इंग्लंड तेव्हा एक देश नव्हता, छोट्या छोट्या राज्यांत वाटलेला होता.

३. सटन हूला सापडलं तरी काय?

इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगण्यात, डेबेन नदीवरच्या उंचवट्यावर दफनाची टेकाडं आहेत. त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या टेकाडाखाली सुमारे २७ मीटर लांबीचं जहाज पुरलेलं होतं. लाकूड पार कुजून गेलेलं, पण वाळूत फळ्यांचा ठसा आणि लोखंडी रिव्हेटांच्या रांगा जागच्या जागी. जहाजाच्या मध्यभागी लाकडी खोली करून तिच्यात शिरस्त्राण, ढाल, तलवार, ४१२ ग्रॅमहून जड सोन्याचं बक्कल, गार्नेटचे लाल खडे जडवलेले, पोशाख खांद्यावर अडकवायचे फासे, चांदीची भांडी, टांगायची वाडगी, एक तंतुवाद्य आणि नाण्यांची थैली ठेवली होती. चांदीच्या मोठ्या परातीवर बायझंटाइन सम्राट पहिला अनास्तासियस याचे शिक्के आहेत. त्याचं राज्य ४९१ ते ५१८. म्हणजे पुरली तेव्हा ही परात शंभर वर्षं जुनी होती.

४. हे जहाज ब्रूस-मिटफर्ड यांनीच शोधलं ना? मग चित्रपटात ते दिसत कसे नाहीत?

नाही, त्यांनी नाही शोधलं. जमिनीच्या मालकीण ईडिथ प्रिटी यांनी इप्सविच संग्रहालयाच्या ओळखीतून बेसिल ब्राऊन यांना आठवड्याला ३० शिलिंगांवर कामाला लावलं. ब्राऊन सफकचेच, शाळा लवकर सुटलेली, सगळं स्वतःच शिकलेले. १९३८ मध्ये त्यांनी तीन लहान टेकाडं खोदली, मे १९३९ मध्ये मोठं हाती घेतलं. पहिलं रिव्हेट हाती लागताच ते थांबले, वाळूचा रंग बघत बघत पुढे सरकले आणि जहाजाचा ठसा न मोडता उघडा केला. या कामाची बरोबरी पदवीवाल्यांतही फार थोड्यांना साधली असती. जुलैमध्ये केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स यांनी सूत्रं घेतली. दफनखोलीतलं पहिलं सोनं पेगी पिगट यांना २१ जुलैला मिळालं.

तेव्हा २५ वर्षांचे ब्रूस-मिटफर्ड संग्रहालयात नवशिके होते आणि या चमूत नव्हते. त्यामुळे चित्रपटात त्यांना जागा नाही हे बरोबरच आहे. पुढे १९७४ मध्ये बेसिल ब्राऊन यांची उत्खननाची डायरी आपल्या लेखसंग्रहात छापून त्यांनीच लोकांसमोर आणली, हे मात्र ब्राऊनप्रेमींनी लक्षात ठेवायला हवं.

५. त्यांच्या घराण्याचा भारताशी संबंध होता असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे. वडिलांकडच्या घराण्याचं मूळ आडनाव बीअर. हे लोक १९व्या शतकात गोदावरीच्या मुखाजवळच्या प्रदेशात मिशनरी म्हणून आले. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तो हा आंध्रातला भाग. वडील युस्टेस यांनी ब्रूस-मिटफर्ड हे नाव घेतलं, जपानात राहिले, तिथेच कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या बिअट्रिस ॲलिसन यांच्याशी त्यांची गाठ पडली. पुढे ते मद्रासला वर्तमानपत्रात कामाला आले आणि १९१९ मध्ये भारतातच वारले. चार भावांत धाकटा रूपर्ट तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. घरात पैशांची ओढाताण होती आणि क्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेमुळेच त्यांचं शिक्षण मार्गी लागलं. थोरले भाऊ टेरेन्स सायप्रसच्या शिलालेखांचे मोठे अभ्यासक झाले, म्हणजे घरात पुरातत्त्वाचे दोघे.

६. ते तर इतिहासाचे विद्यार्थी. पुरातत्त्वाकडे कसे वळले?

ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड कॉलेजात त्यांनी इतिहास घेतला. पुरातत्त्वाची वेगळी पदवी घेणारे तेव्हा मोजकेच असत, बाकीचे असेच इतिहासातून किंवा अभिजात भाषांतून येत. १९३७ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर बॉडलियन ग्रंथालयाच्या नव्या इमारतीसाठी जुनी घरं पाडून पाया खणला जात होता. त्यात जुन्या विहिरी आणि कचऱ्याचे खड्डे उघडे पडत होते. ब्रूस-मिटफर्ड तिथे जाऊन खड्ड्यांतली खापरं थरांनुसार गोळा करत राहिले आणि १९३९ मध्ये त्यावर लेख छापला. मध्ययुगीन खापरांकडे तोवर कुणी फारसं बघत नव्हतं. रोमन खापरांना मान, मध्ययुगीन खापरं टोपलीत. बंद खड्ड्यातल्या मालावरून खापरांचा काळ ठरवता येतो, हे त्या लेखाने दाखवलं.

दरम्यान काही काळ अॅशमोलियन संग्रहालयात काम झालं, आणि ऑक्सफर्डजवळच्या सीकोर्ट या उजाड झालेल्या मध्ययुगीन गावाचं उत्खननही त्यांनी सुरू केलं. आजची भाषा वापरायची तर त्यांचा बायोडाटा खापरांचा होता. सोनं नंतर आलं.

७. मग सटन हू त्यांच्या वाट्याला आलं कसं?

युद्धामुळे. १४ ऑगस्ट १९३९ रोजी कॉरोनरची, म्हणजे खजिना कुणाचा ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी झाली (प्रश्न १३ पाहा), ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं. वस्तू पेट्यांत भरून लंडनच्या ऑल्डविच भुयारी रेल्वेच्या बंद बोगद्यात ठेवल्या. ब्रूस-मिटफर्ड लष्कराच्या सिग्नल्स दलात गेले. तिथे असतानाच विभागप्रमुख टी. डी. केंड्रिक यांनी त्यांना कळवून टाकलं की परत आल्यावर सटन हू तुमच्याकडे, मनाची तयारी ठेवा. १९४५-४६ मध्ये ते परतले, पेट्या उघडल्या गेल्या, आणि निवृत्तीपर्यंत या कामातून त्यांची सुटका झाली नाही.

केंड्रिक यांनी ज्येष्ठ माणूस का निवडला नाही, असं एकाने विचारलं होतं. माझ्या मते अशा कामाला चाळीस वर्षं पुढ्यात असलेला माणूसच लागतो.

८. सगळं खोदून झालं होतं. मग पुढची तीस-चाळीस वर्षं ते करत काय होते?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. जमिनीतून वस्तू निघते ती संग्रहालयात दिसते तशी निघत नाही. गंजाचा गोळा निघतो. त्यात लोखंड किती, लाकूड कोणतं, कापडाचा ठसा आहे का, चामडं होतं का, हे वेगळं करावं लागतं. मग तुकडे जुळवायचे, चित्रं काढायची, इतर देशांत तशा वस्तू कुठे निघाल्यात ते शोधायचं, आणि मग काळ, वापर, कारागीर यांवर बोलायचं.

सटन हूची ढाल आणि शिरस्त्राण यांना इंग्लंडमध्ये जोड नव्हती. जोड होती स्वीडनच्या उपलांड भागात, व्हेंडेल आणि व्हाल्सगार्ड इथल्या जहाज-दफनांत. म्हणून ब्रूस-मिटफर्ड स्वीडिश शिकले, तिथे गेले, तिथल्या वस्तू हातात घेऊन पाहिल्या. १९४७ मध्ये त्यांनी एक छोटी मार्गदर्शिका काढली आणि तिच्या नावातच 'तात्पुरती' हा शब्द घातला. ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली जात राहिली. त्या तात्पुरतेपणाला ते शेवटपर्यंत जागले. स्वतःच छापलेलं तीनदा तरी मोडून नव्याने मांडलं. शिरस्त्राण ९ मध्ये, वाद्य १० मध्ये, नाणी ११ मध्ये. आणि एक हरीण आहे, ते इथेच सांगतो.

काशाचं एक छोटं शिंगाळं हरीण निघालं होतं, लोखंडी कड्यावर उभं. सुरुवातीला ते उंच लोखंडी स्टँडच्या टोकावर बसवलं. पुढच्या तपासात असं दिसलं की ते खरं तर दगडाच्या राजदंडाच्या डोक्यावरचं असावं. या राजदंडाचा दगड धार लावायच्या दगडासारखा चौकोनी, दोन्ही टोकांना माणसांचे चेहरे कोरलेले, आणि धार लावण्यासाठी कधीही न वापरलेला. हरीण हललं आणि स्टँडचंही महत्त्व बदललं, राजदंडाचंही. आज ते राजदंडावरच आहे.

९. शिरस्त्राण दोनदा का जोडलं?

दफनखोलीचं छत कोसळलं तेव्हा शिरस्त्राणाचं लोखंड गंजून आधीच ठिसूळ झालं होतं. ते चेपलं गेलं नाही, काचेसारखं फुटलं. पाचशेहून जास्त तुकडे. काठ धारदार राहिल्यामुळेच ते जुळवता आले.

पहिली जुळणी हर्बर्ट मॅरियन यांनी १९४५-४६ मध्ये केली. हे शिल्पकार आणि धातुकाम करणारे. संग्रहालयाने घेतलं तेव्हा वय सत्तरीचं, निवृत्त झालेले. प्लॅस्टरचं डोकं करून त्यावर त्यांनी तुकडे बसवले. जगाने पाहिलेलं पहिलं सटन हू शिरस्त्राण ते. स्वीडनचे सुने लिंडक्विस्ट यांनी लगेचच शंका काढली की यात मान आणि चेहऱ्याचा खालचा भाग पुरेसा झाकला जात नाही, मग लढाईत याचा उपयोग काय?

१९६५ नंतरच्या उत्खननात (प्रश्न १४) आणखी तुकडे मिळाले आणि ब्रूस-मिटफर्ड यांनी सबंध जुळणी उसवायला परवानगी दिली. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. जगभरच्या पुस्तकांत छापलेली, संग्रहालयाच्या ओळखीची झालेली वस्तू मोडायची आणि तिच्यापेक्षा चांगली जमेल याची खात्री नाही. नायजेल विल्यम्स या तरुण संवर्धकाने ते काम अठरा महिन्यांत केलं. तुकड्यांची जाडी, आतल्या बाजूचा पोत, गंजाचा रंग यांवरून कोणता तुकडा कुठला ते ठरवलं. रिकाम्या जागा तपकिरी भराव घालून तशाच दिसू दिल्या. २ नोव्हेंबर १९७१ ला ते लोकांसमोर आलं. पूर्ण कानपट्ट्या, खोल मानरक्षक, आणि चेहऱ्यावर भुवया, नाक, मिशी मिळून उडणारा पक्षी. आज स्टिकरांपासून टी-शर्टपर्यंत दिसतो तो हाच चेहरा.

मॅरियन यांना मात्र कमी लेखू नका. त्यांनी केलेली तुकड्यांची पहिली ओळख नसती तर दुसरी जुळणी झाली नसती.

१०. ते वाद्य हार्प होतं की लायर?

लायर. मेपलच्या लाकडाचे काही तुकडे, वरची सोन्याचा मुलामा दिलेली पक्षिमुखं आणि बीव्हरच्या कातड्याच्या पिशवीचे अवशेष काशाच्या मोठ्या वाडग्यात सापडले. १९४०च्या दशकात त्यांची जुळणी लहानशा चौकोनी हार्पमध्ये केली. ती बेढब होती, पण पंचवीसेक वर्षं तीच चालली. मग जर्मनीतल्या दफनांमधली लांबट, सहा तारांची लायर समोर ठेवून ब्रूस-मिटफर्ड आणि त्यांची संगीत जाणणारी मुलगी मर्टल यांनी तुकडे पुन्हा तपासले आणि १९७० मध्ये लायर म्हणून मांडणी प्रसिद्ध केली. पुढचं सर्व संशोधन तिच्यावरच उभं आहे. लोखंड-सोन्यापेक्षा लाकडाच्या चार चिपांवरून वाद्याचं कूळ ठरवणं मला जास्त अवघड वाटतं.

११. दफन कुणाचं? राजाचं नाव कळलं का?

नाव कोरलेलं काही नाही. बहुतेक अभ्यासक पूर्व अँग्लिया या तिथल्या राज्याचा राजा रेडवाल्ड याचं नाव घेतात, तो ६२५ च्या सुमारास वारला. पण ब्रूस-मिटफर्ड तिथवर कसे पोचले हे जास्त रंजक आहे.

सगळा आधार थैलीतल्या नाण्यांवर. ३७ सोन्याची मेरोव्हिंजियन, म्हणजे आजच्या फ्रान्सकडची नाणी, ३ कोऱ्या चकत्या आणि २ लहान लगडी. ३७ पैकी कुठलीही दोन एका टांकसाळीची नाहीत. बहुतेक नाण्यांवर सालच काय, राजाचं नावही नाही. केंब्रिजचे एच. एम. चॅडविक यांनी १९४० मध्येच रेडवाल्डचं नाव सुचवलं होतं. पण नाणकशास्त्रज्ञ तेव्हा नाणी ६५०-६६० च्या घरातली मानत आणि ब्रूस-मिटफर्ड यांनी १९४७ च्या मार्गदर्शिकेत तेच धरलं. तो काळ धरला तर रेडवाल्ड बाद, त्याच्या नंतरचे राजे पुढे येतात.

१९६० मध्ये फ्रेंच नाणकशास्त्रज्ञ लाफोरी यांनी काळ मागे खेचला. नंतर संग्रहालयातले जॉन केंट यांनी वेगळा मार्ग धरला. मेरोव्हिंजियन नाण्यांत सोन्याचं प्रमाण दशकागणिक घसरत गेलं आणि चांदीची भेसळ वाढली. मग नाणं पाण्यात आणि हवेत तोलून त्याची घनता काढली की कस कळतो, आणि कसावरून साधारण काळ. या मोजणीतून थैली ६२५ च्या आसपास बंद झाली असं निघालं. ब्रूस-मिटफर्ड यांनी आपली आधीची तारीख सोडली आणि १९७५ च्या पहिल्या खंडात रेडवाल्डच्या बाजूने उभे राहिले. हल्ली नाण्यांचा काळ अंदाजे ६१० ते ६३५ असा सैल धरतात, म्हणून रेडवाल्ड हे नाव 'बहुधा' लावूनच घ्यावं.

रेडवाल्डच्या बाजूने एक नाजूक पुरावाही आहे. बीड हा भिक्षू-इतिहासकार सांगतो की रेडवाल्डने बाप्तिस्मा घेतला, पण एकाच देवळात ख्रिस्ताची वेदी आणि जुन्या दैवतांची वेदी दोन्ही ठेवल्या. इथे जहाजाचं दफन जुन्या रीतीचं, आणि सोबत क्रूस कोरलेली दहा चांदीची वाडगी. असा घोळ घालणारा राजा शोभतो खरा.

१२. चाळीस नाणी म्हणजे चाळीस वल्हेकऱ्यांची मजुरी, हे खरं का?

हा फिलिप ग्रियर्सन यांचा १९७० चा तर्क : ३७ नाणी आणि ३ कोऱ्या चकत्या मिळून ४०, म्हणजे परलोकात जहाज नेणाऱ्या ४० वल्हेकऱ्यांचे, आणि दोन लगडी सुकाणू धरणाऱ्याच्या. कोऱ्या चकत्या आकडा भरण्यासाठीच टाकल्या असाव्यात हे पटतं. बाकी सिद्ध करता येण्यासारखं नाही.

१३. खजिना सरकारजमा न होता जमीनमालकिणीला कसा मिळाला?

तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात, परत काढून घ्यायच्या हेतूने लपवलेलं सोनं-चांदी राजसत्तेचं. जहाज ओढत टेकडीवर आणून शेकडो लोकांदेखत पुरलं, ते कुणी परत काढणार नव्हतं, म्हणून ते 'लपवलेलं' नाही, असा सटन गावच्या सभागृहात बसलेल्या पंचांचा निष्कर्ष. सगळं प्रिटी यांच्या मालकीचं ठरलं आणि त्यांनी काही दिवसांतच ते राष्ट्राला देऊन टाकलं. १९४२ मध्ये त्या वारल्या, वस्तू मांडलेल्या त्यांना पाहायला मिळाल्या नाहीत. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टने हेतूची ही अट काढून टाकली. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा पूर्ण वेगळा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

१४. १९६५ मध्ये पुन्हा का खोदलं? १९३९ चं काम वाईट होतं का?

वाईट नव्हतं, घाईचं होतं. युद्ध तोंडावर होतं. जहाजाची मापं पूर्ण घेता आली नव्हती, काढून टाकलेल्या मातीचे ढीग चाळायचे राहिले होते. त्यातच युद्धकाळात ही जागा लष्करी सरावासाठी वापरली गेली आणि जहाजाच्या ठशाची नासधूस झाली. १९६५ ते १९७१ मध्ये ब्रूस-मिटफर्ड यांच्या देखरेखीखाली पॉल अॅशबी यांनी तिथे काम केलं. उरलेल्या ठशाचा प्लॅस्टरचा साचा घेतला, जुने ढीग चाळले, शिरस्त्राणाचे हरवलेले तुकडे त्यांतूनच आले.

याच वेळी फॉस्फेटची तपासणीही केली. मृतदेहाचा मागमूस नव्हता म्हणून हे रिकामं स्मारक असावं, असं कित्येक जण म्हणत. आम्लधर्मी वाळू हाडं पूर्ण विरघळवते, आणि देहाच्या जागेभोवती फॉस्फेटचं प्रमाण वाढलेलं निघालं. आता बहुतेक जण देह होता असंच मानतात. १९८३ नंतर मार्टिन कार्व्हर यांनी सगळ्या दफनभूमीचं काम केलं तेव्हा इतर कबरींत देहांचे नुसते वाळूतले आकार मिळाले. पण तो ब्रूस-मिटफर्ड यांच्या कारकिर्दीबाहेरचा भाग.

१५. पहिला खंड यायला १९७५ साल उजाडलं. छत्तीस वर्षं! हा आळस नाही का?

आळस नाही, पण दोषातून पूर्ण सुटकाही नाही. ते विभागप्रमुख होते. रोमन ब्रिटनपासून मध्ययुगीन घड्याळांपर्यंत सगळं त्यांच्याकडे, वर खरेदी, प्रदर्शनं, माणसांचे रुसवेफुगवे. त्यातून सटन हूला वेळ काढायचा. त्यांची पद्धतही अशी की एका बक्कलाचा प्रश्न सुटल्याशिवाय पान पुढे जायचं नाही. तेव्हाही टीका झाली. शेवटी १९७५ मध्ये प्रशासनातून मोकळं करून त्यांना संशोधन-कीपर केलं, तेव्हा काम वेगाने हललं.

पहिला खंड जहाज, जागा आणि नाणी यांवर, आठशेच्या आसपास पानांचा. १९७८ चा दुसरा शस्त्रं आणि राजचिन्हांवर. १९८३ चा तिसरा दोन भागांत, अँजेला केअर एव्हान्स यांच्या संपादनाखाली, भांडी, कापड, लायर वगैरे. माझं मत विचाराल तर १९५५ मध्ये घाईने ग्रंथ काढला असता तर त्यात जुनं शिरस्त्राण, चौकोनी हार्प, चुकीच्या जागी हरीण आणि तीसेक वर्षं चुकलेली तारीख छापली गेली असती. पण इतर संशोधकांना छत्तीस वर्षं मूळ नोंदींवाचून थांबावं लागलं, हेही तितकंच खरं आहे.

१६. सटन हू वगळलं तर त्यांच्या नावावर काय उरतं?

पुष्कळ. तीन गोष्टी सांगतो.

लिंडिसफार्न गॉस्पेल्स हे ७०० च्या सुमाराचं, उत्तर इंग्लंडच्या बेटावरच्या मठात लिहिलेलं, बायबलमधल्या शुभवर्तमानांचं हस्तलिखित. १९५६ ते १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधून त्याची हुबेहूब प्रत दोन खंडांत निघाली, त्यातलं सजावटीचं विश्लेषण ब्रूस-मिटफर्ड यांचं. गुंतागुंतीच्या नक्षीची पानं उलटून मागून पाहिल्यावर त्यांना कंपासच्या टोकाची भोकं आणि आखणीच्या रेषा दिसल्या. चित्रकाराने आधी भूमितीचं जाळं आखलं होतं आणि त्यावर नक्षी बसवली होती. डोळे फिरवणारी ती पानं कशी बनली, याचं उत्तर पाठच्या बाजूला होतं.

दुसरा फुलर ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची शोभेची पिन. चांदीचा, ९व्या शतकाचा, इतका धड की जुन्या तज्ज्ञांनी तो नकली ठरवला आणि कॅप्टन फुलर यांनी तो निव्वळ चांदीच्या भावात घेतला. पुढे त्यातल्या निएलोची, म्हणजे चांदीच्या नक्षीत भरलेल्या काळ्या मिश्रणाची, घडण जुन्या पद्धतीची निघाली, ब्रोच अस्सल ठरला आणि १९५२ मध्ये संग्रहालयात आला. त्यावर ब्रूस-मिटफर्ड यांनी लिहिलं. त्यावरच्या पाच आकृत्या म्हणजे पंचेंद्रियं : मध्ये मोठ्या डोळ्यांची दृष्टी, भोवती चव, वास, स्पर्श, श्रवण.

तिसरं, कॉर्नवॉलमध्ये मॉगन पोर्थ इथल्या वस्तीचं १९५० ते १९५४ चं उत्खनन. याचा अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर, १९९७ मध्ये आला. सेल्टिक टांगत्या वाडग्यांचा मोठा सूचीग्रंथही २००५ मध्ये, शीला रेव्हन यांनी पूर्ण केल्यावर. प्रश्न १५ मधली सवय काही सुटली नाही. १९५७ च्या सोसायटी फॉर मिडीव्हल आर्किऑलॉजीच्या संस्थापकांतही ते होते.

१७. सटन हूच्या दागिन्यांतले लाल खडे भारतातून गेले होते का?

सगळ्यांबद्दल असं म्हणता येत नाही. त्या काळच्या युरोपातल्या गार्नेटचं रासायनिक पृथक्करण झालंय. काही खडे भारत आणि श्रीलंकेकडचे, काही बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले. अँग्लो-सॅक्सन कामात दोन्ही भेटतात. भारतातले म्हणजे मुख्यतः राजस्थानच्या बाजूचे. महाराष्ट्राचं नाव त्यात आणू नका, एका व्हॉट्सॲप संदेशात ते आलं होतं. काम मात्र आपल्या डोळ्यांना ओळखीचं आहे : सोन्याच्या पट्ट्यांची बारीक घरं, प्रत्येक खडा घराच्या मापाने कापलेला, आणि खाली चौकडी उठवलेला सोन्याचा वर्ख, म्हणजे प्रकाश खड्यातून खाली जाऊन उसळून वर येतो. कुंदनकाम पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

१८. मला हाच विषय करायचा आहे. महाराष्ट्रातून सुरुवात कशी करू?

पुरातत्त्वाचा पाया इथेच पक्का करता येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदव्युत्तर शिक्षण आहे आणि प्रत्यक्ष उत्खननाचा अनुभव मिळतो. थर वाचणं, खापरं ओळखणं, नोंदी ठेवणं सगळीकडे सारखंच. त्यानंतर ब्रिटनमध्ये केंब्रिजचा अँग्लो-सॅक्सन, नॉर्स आणि सेल्टिक विभाग, किंवा ऑक्सफर्ड, यॉर्क, डरहम, लंडन. 'अँग्लो-सॅक्सन' या नावावर सध्या वाद आहे, २०१९ नंतर एका मोठ्या संस्थेने ते नावातून काढलं. म्हणून अभ्यासक्रम शोधताना 'अर्ली मिडीव्हल' असंही शोधा.

लॅटिन आणि जुनी इंग्रजी लागेलच, तिसरी भाषा जर्मन किंवा स्वीडिश घ्या. ही वाट पुरुषांचीच आहे असंही समजू नका. डरहमच्या रोझमेरी क्रॅम्प (१९२९–२०२३) यांनी वेअरमथ आणि जॅरोचे मठ खोदले, अँग्लो-सॅक्सन दगडी शिल्पांचा सर्वसंग्राहक प्रकल्प उभारला आणि १९७१ मध्ये त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या. नोकऱ्या मात्र कमी आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवा.

१९. मेटल डिटेक्टर घेऊन कुणी असं काही शोधू शकतं का?

इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने शोधता येतं. २००९ मध्ये स्टॅफर्डशरच्या एका शेतात असाच एक साठा निघाला : सुमारे ४,६०० तुकडे, चार किलोच्या आसपास सोनं, जवळपास सगळं लढाऊ साहित्याची मोडतोड. ३२ लाख ८५ हजार पौंड किंमत ठरली आणि ती शोधणारा व शेतमालक यांच्यात वाटली गेली. सटन हूशी तुलना करताना एक लक्षात घ्या : तिथे कबर नव्हती, त्यामुळे वस्तू कुणाच्या या प्रश्नाला प्रश्न ११ मधली पद्धत लागू पडत नाही. भारतात मात्र हे करू नका, इथे संरक्षित स्थळी असं खोदणं गुन्हा आहे.

२०. लंडनला जाणार आहे. काय, कुठे पाहू?

ब्रिटिश म्युझियमच्या ४१ क्रमांकाच्या दालनात सटन हू, तिथेच फुलर ब्रोच, प्रवेश मोफत. १९४६ च्या आणि १९७१ च्या जुळणीतला फरक कळायला आधी जुन्या शिरस्त्राणाचं छायाचित्र पाहून जा. लिंडिसफार्न गॉस्पेल्स आता ब्रिटिश लायब्ररीकडे आहे, पण ते नेहमी मांडलेलं नसतं, चौकशी करून जा. स्टॅफर्डशरचा साठा बर्मिंगहॅम आणि स्टोक-ऑन-ट्रेंट यांच्यात विभागलाय. टेकाडं पाहायची तर लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविचला गाडी बदलून मेल्टन किंवा वुडब्रिज, तिथून जागा जवळ आहे. ती नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि तिकीट लागतं. वुडब्रिजच्या धक्क्यावर स्वयंसेवक त्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधत आहेत.